लक्ष्मीपुरीत घेतलेली डोक्याची बॅटरी, उसाच्या पाण्यापासून वॉटरडॉगपर्यंत

शेतीची लाईट आमच्याकडं रात्रीची येते, म्हणून दोन वर्षांमागं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातनं ही डोक्याला बांधायची बॅटरी घेतलती, ६५० रुपयाला. उसाला पाणी पाजताना दोन्ही हात मोकळे राहतात, त्यासाठीच घेतलेली. पण हिची खरी परीक्षा झाली ती गेल्या जानेवारीत.

ताईकडं अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहरात गेलतो. तिच्या ओळखीचे एक सर रात्री नदीत न्यूस रिव्हर वॉटरडॉग शोधायला निघालेले, मी पण मागं लागलो. हा पाण्यातला सॅलॅमँडर, म्हणजे बेडकासारखाच उभयचर पण शेपटीवाला, पालीसारखा दिसणारा, जन्मभर पाण्यातच राहतो आणि मोठा झाला तरी कल्ले बाहेरच. ही जात जगात फक्त तिथल्या न्यूस आणि टार-पामलिको या दोन नद्यांच्या खोऱ्यात सापडतो, २०२१ पासून अमेरिकन सरकारच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे, त्यामुळं हात लावायचा परवाना फक्त सरांकडं, आपण नुसतं बघायचं. आपल्या सह्याद्रीत सॅलॅमँडर नाहीतच, आपल्याकडं बेडूक आणि देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा बिनपायाचा उभयचर), त्यामुळं मला लई उत्सुकता होती. एवढ्या थंडीत का, तर सर म्हणाले उन्हाळ्यात हे दडून बसतात, पाणी गार झालं की मासे सुस्त पडतात आणि हे खायला बाहेर निघतात. सापळ्यात चिकनची कलेजी लावलेली.

आता बॅटरीचं सांगतो. तिथल्या पोरांच्या बॅटऱ्या माझ्यापेक्षा दुप्पट उजेडाच्या, पण फोकस पसरट, सगळा उजेड पाण्यावरच चमकायचा आणि खालचं काय दिसायचं नाही. माझीचा झोत बारीक, पुढची काच फिरवली की अजून बारीक होतो, तो थेट तळाच्या कुजक्या पानांपर्यंत जायचा. मग डोक्यावरनं काढून हातात धरली, पाण्याच्या जवळ, तिरकी, आणि तासाभरानं पानांच्या ढिगातनं एक तोंड दिसलं. तपकिरी अंग, त्यावर काळे ठिपके, मानेच्या दोन्ही बाजूला लाल कल्ल्यांचे झुबके पाण्यात हळूहळू हलत होते. मागच्या पायाला चारच बोटं, मी मोजली. श्वास रोखून बघत बसलो, पाय बधिर झाल्याचं पण कळलं नाही.

तक्रारी दोन. चार्जिंग इथं आरामात पाच तास जातं, तिथल्या गारठ्यात दोन तासात बॅटरी मान टाकायला लागली, थंडीत सेल लवकर उतरतो म्हणून जादा सेल अंगातल्या खिशात उबेत ठेवा. दुसरं, बटण लई बारीक, हातमोजे घालून दाबताच येत नाही, दरवेळी मोजा काढायचा म्हणजे बोटं गारठून जातात. पट्ट्याचं इलॅस्टिक पण सैल झालतं, पण परत आल्यावर दुकानात नेली तर मामांनी तिथल्या तिथं नवीन पट्टा घालून दिला, पैसे घेतले नाहीत.

घेताना दुकानात शटर अर्धं ओढायला सांगा आणि बादलीभर पाण्यात झोत मारून बघा, तळ दिसला तरच घ्या.