अडत दुकानाच्या सॉफ्टवेअरला एसक्यूलाइट पुरतं का?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात एकच कॉम्प्युटर असेल, तर सॉफ्टवेअरचा डेटा ठेवायला एसक्यूलाइट (SQLite) हा छोटा डेटाबेसच घ्यावा. सर्व्हर बसवायचा नाही, लायसन्सचा खर्च नाही, सगळा हिशोब एका फाइलमध्ये. मायक्रोसॉफ्ट एक्सेस या डेटाबेसची फाइल २ जीबीला अडते, तशी मर्यादा इथे आड येत नाही.

सौद्याच्या गर्दीत लाइट गेली, तर? पट्टी (शेतकऱ्याच्या मालविक्रीचा हिशोब), तिच्यातली हमाली-तोलाई आणि शेतकऱ्याच्या खात्यातली जमा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधा. मग एक तर सगळं लिहिलं जातं, नाहीतर काहीच नाही. डब्ल्यूएएल मोड (बदल आधी वेगळ्या लॉग-फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) लावा, पण सिंक्रोनस (नोंद डिस्कवर पक्की होईपर्यंत किती थांबायचं, ही सेटिंग) 'फुल'वरच राहू द्या. 'नॉर्मल' केलं की वेग वाढतो. फाइल बिघडत नाही, पण शेवटची पट्टी गायब होऊ शकते, आणि शेतकऱ्याच्या हातात तिचा कागद असतो.

खरा घोळ बॅकअपमध्ये होतो. डब्ल्यूएएल मोडमध्ये ताज्या नोंदी काही काळ शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात. प्रोग्रॅम चालू असताना फक्त मुख्य फाइल पेनड्राइव्हवर ओढली, तर त्या नोंदी मागेच राहतात. म्हणून बॅकअपच्या बटणामागे 'व्हॅक्यूम इंटू' हीच आज्ञा हवी. ती २०१९ च्या ३.२७ आवृत्तीपासून आहे आणि चालू डेटाची पूर्ण प्रत काढते.

दुसरी खोड मोठी त्रासदायक. मराठी कीबोर्डवरून वजनाच्या रकान्यात '१२' टाइप झालं, तर एसक्यूलाइट ते मजकूर म्हणून मुकाट्याने ठेवून घेतं आणि बेरजेत शून्य धरतं. टोटल कमी येते, चूक सापडत नाही. टेबल 'स्ट्रिक्ट' करा (३.३७ पासून), म्हणजे तिथल्या तिथे एरर येते. रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा. फॉरेन की (एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी जुळते का, ही तपासणी) तर प्रत्येक कनेक्शनला स्वतःहून चालू करावी लागते.

नावांची यादीही तपासून पाहा: 'ळ'चा युनिकोड क्रमांक 'स'च्या आधी येतो, त्यामुळे 'काळे' हे 'कासार'च्या वर बसतात. मराठी क्रमासाठी स्वतःचं कोलेशन (क्रम लावण्याचा नियम) लिहावं लागतं.

गोदामात दुसरा कॉम्प्युटर आला, की मात्र शेअर्ड फोल्डरमध्ये ही फाइल ठेवू नका. डब्ल्यूएएल नेटवर्कवर चालतच नाही, आणि नेटवर्कवरच्या लॉकिंगचा भरवसा नसल्याने फाइल खराब होऊ शकते. तिथे पोस्टग्रेस (सर्व्हरवर चालणारा डेटाबेस) घ्या, तेही फुकटच आहे. फक्त ते ज्या मशीनवर असेल, त्याला यूपीएस हवाच.