ई-वे बिल की फास्टॅग: गाडी वाढवण्याआधी कोणता आकडा बघावा?

महिना उलटला की मालवाहतुकीच्या बातम्यांत दोन आकडे हमखास येतात. मागच्या महिन्यात ई-वे बिलं (माल गाडीने पाठवताना जीएसटीखाली ऑनलाइन काढायची बिलं) किती निघाली आणि फास्टॅगवर टोलचे व्यवहार किती झाले. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत आमच्यासारखे थोड्या गाड्यांचे मालक नवी गाडी घ्यायची की थांबायचं, हे ठरवताना यातलाच एखादा आकडा धरून बोलतात. मी बरीच वर्षं दोन्ही बघत आलोय.

फास्टॅगचा आकडा लवकर हाती येतो आणि सरळ असतो. गाडी नाक्यावरून गेली की नोंद झाली. पण बातमीतल्या एकूण आकड्यात कारही मोजलेल्या असतात. सलग सुट्ट्या आल्या की अर्धं पुणे लोणावळ्याकडे निघतं आणि व्यवहार फुगतात. रुपयांची बेरीज तर मी जवळपास सोडूनच देतो. राष्ट्रीय महामार्गांचे दर दरवर्षी सुधारतात, त्यामुळे रहदारी तेवढीच राहिली तरी रक्कम वाढते. त्यात १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कारना ३,००० रुपयांचा वार्षिक पास आला, तेव्हापासून आधीच्या वर्षाशी रकमेची तुलना आणखी अवघड झाली.

हे सगळं एक वेळ समजून घेता येतं. माझं मन उठलं ते रिकाम्या गाडीमुळे. चाकणहून नव्या कार लादून गेलेला ट्रेलर उत्तरेत खाली झाला, की परतीला कारच मिळाल्या तर ठीक. दुसरा माल त्या सांगाड्यात बसत नाही. तो तसाच हजार-दीड हजार किलोमीटर परत येतो आणि प्रत्येक नाक्यावर भरल्या गाडीइतकाच टोल भरतो, कारण टोल गाडीच्या प्रकारावर असतो, आतल्या मालावर नाही. मंदीत परतीचं भाडं मिळेना झालं की अशा फेऱ्या वाढतात, आणि फास्टॅगच्या आकड्यात त्या धंद्यासारख्याच दिसतात. मालकाचा जीव ज्या गोष्टीत अडकलेला असतो, तीच तिथे दिसत नाही.

ई-वे बिल मालावर निघतं. बिल आहे म्हणजे कुणीतरी काहीतरी पाठवलंय. राज्यांतर्गत आणि आंतरराज्य असे आकडेही वेगळे मिळतात, म्हणजे लांबच्या भाड्याचा अंदाज येतो.

त्यातही खोट आहे, नाही असं नाही. बिल म्हणजे गाडी नव्हे. पार्सलच्या एका गाडीत पंचवीस-तीस बिलं सहज असतात, पोलादाच्या कॉइलची गाडी एका बिलावर जाते. सणाच्या खरेदीत बिलं वाढतात तेवढ्या गाड्या लागत नाहीत. शिवाय साधारण ५० हजारांखालच्या मालाला, आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाखालच्या मालाला ते लागत नाही; भोसरी-चाकणमधली बरीच किरकोळ ने-आण त्यामुळे निसटते.

वाचताना दिवाळी कधी होती ते आधी बघा. २०२४ ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, २०२५ ला २१ ऑक्टोबरला. कारखाने माल काढतात दिवाळीच्या आधी आणि नंतर काही दिवस सगळं थंड असतं. मग ऑक्टोबरची ऑक्टोबरशी टक्केवारी लावून काय हाती लागणार? मी सप्टेंबर ते नोव्हेंबर एकत्र धरतो. मार्चचा आकडा वर्षअखेरीमुळे चढतोच, त्याच्या जोरावर एप्रिलमध्ये कर्ज काढू नये असं मला वाटतं.

तुमचं काम फुल लोडचं आणि लांबच्या पल्ल्याचं असेल, तर आंतरराज्य ई-वे बिलांचा तीन महिन्यांचा कल बघा आणि तो आपल्या ब्रोकरकडच्या परतीच्या भाड्याशी ताडून पाहा. दोन्ही वर जात असतील तर गाडीचा विचार करायला हरकत नाही. बस चालवणाऱ्याला किंवा हायवेवर ढाबा असलेल्याला मात्र मी फास्टॅगच सुचवीन. रस्त्यावर गाड्या किती आहेत एवढंच त्यांना हवं असतं.