काठावरची साखर: रोजची चाल आणि ताट, की मेटफॉर्मिन?

साताऱ्यात हल्ली तपासणीचा कागद हातात घेऊन कोणी "शुगर बॉर्डरवर आली आहे" असे सांगितले, की पाठोपाठ प्रश्न येतो: मेटफॉर्मिनची (साखर कमी करणाऱ्या औषधाची) गोळी सुरू करावी, की आधी चालून पाहावे? उपाशीपोटी साखर 100 ते 125 (मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर) किंवा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, 5.7 ते 6.4 टक्के असणाऱ्यांसाठीच ही तुलना आहे. साखर 126 किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी 6.5 किंवा अधिक असल्याचे पुन्हा तपासूनही दिसले, तर तो मधुमेहच होय आणि तिथे हा पर्याय उरत नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. अंगात लोहाची कमतरता असेल, तर एचबीएवनसी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते. त्यामुळे रक्त कमी असलेल्या बाईने केवळ त्या एका आकड्यावरून निर्णय घेऊ नये.

दोन्ही वाटा एकाच दुखण्यावर दोन बाजूंनी काम करतात. काठावरच्या अवस्थेत यकृत आणि स्नायू इन्सुलिनला पुरेशी दाद देईनासे होतात आणि स्वादुपिंडाला जास्त राबावे लागते. यकृत रात्रभर जी साखर रक्तात सोडत असते, ती मेटफॉर्मिन प्रामुख्याने कमी करते. चालताना मात्र राबणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर आत ओढून घेतो, म्हणून जेवणानंतरची पंधरा मिनिटांची फेरीदेखील वाया जात नाही.

आकड्यांकडे पाहताना सावध राहावे लागते. अमेरिकेत 3,234 जणांवर झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजन सुमारे 7 टक्के उतरवणे आणि आठवड्याला 150 मिनिटे व्यायाम करणे या उद्दिष्टांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले, तर 850 मिलिग्रॅमच्या रोजच्या दोन गोळ्यांनी 31 टक्क्यांनी. हा 58 चा आकडा आपल्याकडे फार अभिमानाने सांगितला जातो, पण तिथली माणसे बरीच स्थूल होती आणि प्रत्येकाच्या मागे एक प्रशिक्षक लागलेला होता. आपल्या अंगकाठीला जवळचा अभ्यास चेन्नईचा आहे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 531 जण होते आणि त्यांचा सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) 25.8 होता. तीन वर्षांत काहीही विशेष न करणाऱ्यांपैकी 55 टक्क्यांना मधुमेह झाला, चालणे व आहार पाळणाऱ्यांपैकी 39.3 टक्क्यांना आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांपैकी 40.5 टक्क्यांना. दोन्ही एकत्र करणाऱ्यांचा आकडा 39.5 होता, म्हणजे जोडीने वेगळे काही पदरात पडले नाही. आपल्यासारख्यांसाठी दोन्ही वाटा जवळपास तुल्यबळ आहेत, असाच याचा सरळ अर्थ मी घेतो.

मग निवड कशावर करावी? माझ्या मते, वर्षभर आपल्याकडून खरोखर काय निभेल यावर. रविवारी एकदा अजिंक्यतारा चढून यायचे आणि उरलेले सहा दिवस दुकानाच्या गल्ल्यावर बसायचे, यापेक्षा रोज अर्धा तास सपाट रस्त्यावर झपझप चालणे अधिक उपयोगी. साताऱ्यातला पावसाळा हा या वाटेवरचा खरा अडथळा आहे. जूनमध्ये सुटलेली चाल दिवाळीपर्यंत परत येत नाही, म्हणून घरातल्या घरात करायच्या व्यायामाची सोय आधीच ठरवून ठेवावी.

ताटाच्या बाबतीत आपली फसगत नावांमुळे होते. साखर सोडून गूळ धरला की पथ्य झाले, असे ऊस पिकवणाऱ्या या मुलखात अनेकांना मनापासून वाटते, परंतु गूळ हीदेखील बहुतांशी साखरच आहे. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण चपातीऐवजी तीन भाकरी खाल्ल्या तर हिशेब तिथल्या तिथेच राहतो. भाकरी एकाने कमी करून त्या जागी उसळ, घट्ट वरण, पालेभाजी आणि काकडीची कोशिंबीर वाढवणे हा खरा बदल आहे. श्रावणातल्या उपवासाला खाल्ल्या जाणाऱ्या खिचडीतला साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्टमय असतो, त्यामुळे "आज उपवास, आज पथ्य" हा समज उलटाच पडतो. कंदी पेढ्याबद्दल मी काही बोलत नाही, सातारकराला ते ठाऊक असते.

गोळीची बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. ती स्वस्त आहे, जुनी आहे आणि पाऊस असला तरी घेता येते. सुरुवातीला मळमळ, जुलाब होऊ शकतात, ते जेवणासोबत आणि कमी मात्रेपासून सुरुवात केल्यास बरेच टळतात. मूत्रपिंडाचे काम फार मंदावले असेल तर ती चालत नाही, म्हणून आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहावे लागते. दीर्घकाळ घेतल्यास बी 12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते, याकडे शाकाहारी घरांनी विशेष लक्ष द्यावे. वय, वजन आणि पूर्वेतिहासही पाहावा लागतो. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी अभ्यासात साठीपुढच्यांना गोळीचा फायदा अगदी थोडा झाला, उलट चालणे व आहाराचा सर्वाधिक झाला. तरुण, फार स्थूल किंवा गरोदरपणी मधुमेह झालेल्या स्त्रियांमध्ये मात्र गोळी चांगली चालली.

म्हणून साठी ओलांडलेल्याने चालणे व ताट हीच वाट धरावी, असे मला वाटते. पस्तिशीतल्या, वजन बरेच जास्त असलेल्या किंवा गरोदरपणी साखर वाढलेल्या व्यक्तीने गोळीचा विषय डॉक्टरांकडे स्वतःहून काढावा. उरलेल्यांनी आजच कंबर मोजून ठेवावी (पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटीमीटर ही मर्यादा), तीन महिने चालणे व आहार काटेकोरपणे पाळावा आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत एचबीएवनसी पुन्हा करून घ्यावे. तांबड्या पेशींचे आयुष्य साधारण 120 दिवसांचे असल्याने तीन महिन्यांच्या आत केलेली तपासणी बराचसा जुनाच हिशेब दाखवते. तेव्हाही आकडा चढताच असेल, तर तो कागद घेऊन गोळीसाठी डॉक्टरांकडे जावे आणि चालणे सुरूच ठेवावे.