‘महाराजा’ मखमली कोट : पावसाळाभर वापरल्यानंतर

मापं, रंग, फोटो सगळ्यांनी पाहिलेलेच आहेत. लाल मखमल, जरीची गळपट्टी, तयार फेटा, वर कलगी. ४,२०० रुपये, कुरिअर वेगळं. जाहिरातीत ‘नवोदित जादूगारांसाठी संपूर्ण व्यक्तिमत्त्व’ असं छापलंय. मी नवोदितच. वाढदिवस आणि सोसायटीचा गणपती, एवढीच माझी धाव.

तर मुद्दा : डावा आतला खिसा. तो शिवणाऱ्याने जादूगार लांबूनसुद्धा पाहिलेला नाही. अस्तर चकचकीत सॅटिनचं, तोंड तिरकं, खोली मोबाइलपुरती. न बघता हात आत गेला पाहिजे, बोटं नेमकी वस्तूवर पडली पाहिजेत आणि हात बाहेर येताना कापड सोबत येता कामा नये. इथे हात अस्तर घेऊनच बाहेर येतो. एका वाढदिवसाला रेशमी रुमाल आतच राहिला आणि पांढरं सॅटिन बाहेर लोंबायला लागलं. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी खणखणीत आवाजात विचारलं, “बनियन का हो ते?” वर शेजाऱ्याला ऐकवलं, “आम्ही जादूगार रघुवीरांचे प्रयोग पाहिलेत.”

तक्रार केली. उत्तर आलं, “अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा.” खिसा अनबॉक्स कसा करतात ते मात्र कळवलं नाही. दोन आठवड्यांच्या झकाझकीनंतर, “सर, मॅजिशियन कोट असाच येतो.” शेवटी गल्लीतल्या टेलरने सॅटिन उसवून मांजरपाट लावलं, तोंड आडवं केलं, काठाला आतून कॅनव्हास घातला. १८० रुपये. खिसा आता फर्स्ट क्लास. इथवर मी साडेतीन स्टार देणार होतो.

पण खिशाची कटकट मिटल्यावर बाकीचं दिसायला लागलं. हा कोट चढवला की माझ्या तोंडून आपोआप ‘देवियों और सज्जनों’ निघतं, आणि आवाज कुणा भलत्याचाच लागतो. हा महाराजाचा थाट जादूगार पी. सी. सरकारांचा. त्यांच्याकडे भरजरी पडदे होते, वाद्यवृंद होता, माणसांचा मोठा ताफा होता. १९७१ मध्ये ते गेले तेही जपानच्या दौऱ्यावर. आमच्याकडे पार्किंगमध्ये सतरंजी आणि मागे पाण्याची मोटर. फ्रेंच जादूगार रोबेर-उदँ १८४५ मध्ये पॅरिसला स्वतःचं थिएटर काढून उभा राहिला, तो लांब झगा आणि टोकदार टोपी सोडून, समोरचे प्रेक्षक घालत तसल्याच संध्याकाळच्या पोशाखात. माझे प्रेक्षक बर्म्युडात येतात, तेवढं खाली मी उतरणार नाही.

श्रावणात वडिलांचा जुना सफारी काढला. टेरिकॉट, चार खिसे, चारही झाकणाचे! शून्य रुपये. आणि त्या कपड्यांतून माणूसही आपोआप निघाला : वसुली कारकून. काखेत रजिस्टर, कानावर पेन. पोराचं नाणं नाहीसं झालं की तोच आधी गडबडतो, पानं चाळतो, बेरीज जुळत नाही म्हणून घाम पुसतो आणि कार्बन घालून पावती फाडतो : ‘रु. ५ मिळाले. कुठे गेले, चौकशी चालू.’ नाणं पोराच्याच टोपीत सापडलं की कारकून पावती परत मागतो. पोरं देत नाहीत. त्या भांडणाला नाण्यापेक्षा जास्त टाळ्या पडतात.

ही युक्ती जुन्या काळच्या कार्डिनी या जादूगाराची. एका डोळ्याला भिंग लावणारा झोकदार गृहस्थ. हातात पत्त्यांमागून पत्ते येत राहायचे आणि चकित तोच व्हायचा. जादू तो करायचा नाही, ती त्याच्यावर ओढवायची. नवशिक्याला हे फार सोयीचं, कारण हात थरथरला तरी तो कारकुनाचाच थरथरतो.

खेळ तेच ठेवले, पण काही कारकुनाने परस्पर बाद केले. आग नको, फुलांचा गुच्छ नको, छडी तर नकोच. नोट, नाणं, फाटून पुन्हा जुळणारा कागद राहिला. ‘आबरा का डाबरा’ऐवजी ‘इथे सही करा’.

आता कोटाला दोन स्टार, तेही मखमल खरी आहे म्हणून. फेट्याला एकही नाही. घाम आला की रंग कपाळावर उतरतो. हौसच असेल तर नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्यांकडून एका दिवसासाठी आणा आणि आरशासमोर पाच मिनिटं मराठीत बोलून बघा. माझा कोट विकायला काढलाय. भाव अर्ध्यावर करेन, पण खिशाचे १८० वेगळे पडतील.