नागमुद्रेचं तबक: आधी पालथं घालून बघा

मध्ये सूर्य आणि दोन्ही बाजूंना फणा काढलेले नाग. शिंदे घराण्याचं हे चिन्ह उठावात, म्हणजे पत्रा मागून ठोकून फुगवलेल्या नक्षीत, काढलेलं १४ इंची चांदीचं तबक आणि त्याला जोडीची गुलाबदाणी ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या सराफ्यातला एक कारखाना ऑर्डरीवर करून देतो. तबक डोळे मिटून घ्यावं असं आहे. गुलाबदाणी घेताना मात्र डोळे उघडे ठेवा.

घराण्याचा रुबाब चांदीत उठवायची हौस काही इथलीच नाही. जेनोवाच्या लोमेल्लिनी घराण्याचा सतराव्या शतकातला सुरई-तबकाचा जोड लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हात धुणं हे निमित्त, पाहुण्याने बघत राहावं हा हेतू. शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी तरी दुसरं काय करते?

तबकाला ९२५ टंचाचा (हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी), २० गेजचा म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटरचा पत्रा आहे. ९९९ची चांदी उठावाला छान वळते, पण वापरात लगेच पोचे पडतात. १४ इंची गोल पत्र्याचं वजन साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. सातशेच भरलं तर पत्रा पातळ आहे आणि फण्याच्या टोकाशी तो कागदासारखा झालेला असणार.

पत्रा राळेवर बसवून मागून ठोकत उठाव काढतात. राळेत विटेची भुकटी आणि तेल घालतात. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात तेल कमी करावं लागतं, नाहीतर राळ मऊ पडते आणि ठोका बसतो एकीकडे, पत्रा दबतो दुसरीकडे. ठोकून पत्रा कडक होतो, म्हणून तो मधूनमधून तापवून नरम करायचा. इथे घाई झाली की फण्याच्या कडेला केसासारखी चीर जाते आणि मग ती टाका (धातू वितळवून केलेला जोड) लावून लपवतात. या कारखान्यात ती घाई दिसत नाही. तबक पालथं घातलं की प्रत्येक फण्यामागे तेवढाच खोल खळगा आणि ठोक्यांच्या खुणा दिसतात. पाठ गुळगुळीत आणि फणा भरीव असेल तर तो ओतून वरून डकवलेला. नागाचे खवले कलमाने, म्हणजे बारीक छिन्नीने, एकेक मारलेत, शेपटीकडे बारीक होत गेलेत. सूर्याचे किरण मात्र सगळे एकाच मापाचे, त्यामुळे तो ठशाचा वाटतो. तोंडावळाही जरा झोपाळूच.

आता गुलाबदाणी. बूड पोकळ असतं आणि ती कलंडू नये म्हणून त्यात राळ भरतात. राळ भरण्यात काही गैर नाही, पण तिचं वजन चांदीच्या भावात लागतं ते गैर. बूड बंद करण्यापूर्वीचं वजन पावतीवर लिहून घ्या. इथे मागितल्यावर लिहून देतात. मागितलं नाही तर कुणी विषय काढत नाही. मानेच्या सांध्यावर टाक्याची पिवळसर रेघ आहे, जिल्हईत, म्हणजे चकाकी देतानाही, ती जात नाही.

घडणावळ ग्रॅमवर लावतात. उठावाच्या कामाला हा हिशोब उलटा पडतो, कारण मेहनत नक्षीला आणि पैसे जाडीला. नगावर ठरवा, आणि मशीनची जिल्हई नको म्हणून आधीच सांगा. बफ (चकाकी देणारं फिरतं चाक) फिरला की खवल्यांच्या कडा पुसल्या जातात. रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

घरी उजळवताना फॉइल-सोड्याच्या पाण्यात बुडवू नका. खाचांमधला काळा रंग मुद्दाम ठेवलेला असतो. तो गेला की नाग सपाट दिसतात. ठेवताना सुती कापडात गुंडाळा. रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकाने पट्टा उमटतो. नवरात्रापूर्वी हवं असेल तर ऑर्डर उन्हाळ्यातच द्या, दिलेली तारीख इथे पाळतीलच असं नाही.