गर्भपाताच्या गोळ्यांचा संच: औषध चोख, माहितीपत्रक तोकडे

आठव्या आठवड्यात, सोनोग्राफी करून आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मी हा संच घेतला. औषधाने आपले काम नीट केले. माझी तक्रार आहे ती सोबतच्या माहितीपत्रकाबद्दल.

पाकिटात पाच गोळ्या असतात: २०० मिलिग्रॅम मिफेप्रिस्टोनची एक आणि प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टोलच्या चार. पहिली गोळी गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचे काम रोखते. २४ ते ४८ तासांनी घ्यायच्या उरलेल्या चार गर्भाशयाला आकुंचन पावायला लावतात. पहिल्या गोळीनंतर मला काहीच जाणवले नाही. दुसऱ्या दिवशी चार गोळ्या गालाच्या आत, हिरडीला लावून अर्धा तास धरल्या आणि उरलेला खडूसारखा चुरा पाण्याबरोबर गिळला. दोनेक तासांत हुडहुडी भरली आणि कळा सुरू झाल्या. पत्रकात त्यांचे वर्णन ‘पाळीसारखा त्रास’ असे आहे. ते लिहिणाऱ्याला पाळी येत नसावी. आयबुप्रोफेनने कळा सोसण्याजोग्या झाल्या.

‘अतिरक्तस्राव झाल्यास डॉक्टरांशी संपर्क साधावा’, एवढ्या एका ओळीत पत्रकाने सर्वांत महत्त्वाचा धोका उरकला आहे. अति म्हणजे किती, हे मध्यरात्री न्हाणीघरात बसलेल्या बाईने कसे ठरवायचे? डॉक्टरांनी मला मोजमाप आधीच देऊन ठेवले होते: सलग दोन तास, दर तासाला दोन किंवा अधिक मोठे पॅड पूर्ण भिजले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. मी त्याच पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर पॅड बदलल्याच्या वेळा लिहीत गेले. एक दहा, एक पन्नास, तीन. तिसऱ्या नोंदीनंतर मी आडवी झाले.

अस्थानिक गर्भधारणेचा उल्लेख पत्रकात आहे, पण निषिद्ध बाबींच्या लांबलचक यादीत तो हरवून जातो. शंभरातल्या एक-दोन गर्भधारणा गर्भाशयाबाहेर, बहुधा गर्भनलिकेत, रुजतात आणि त्यांच्यावर या गोळ्या चालत नाहीत. नलिका फुटून पोटात रक्त साचू लागले तरी ते दुखणे गोळ्यांचेच समजून बाई घरी थांबण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी औषधे किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनी, तसेच तांबी बसवलेल्यांनीही हे आधीच डॉक्टरांना सांगायला हवे. नियमाप्रमाणे घेतल्यास शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणींचा गर्भपात पूर्ण होतो. उरलेल्यांना पुन्हा औषध किंवा पिशवी साफ करणे लागू शकते. गर्भ तसाच वाढत राहिला तर मिसोप्रोस्टोलमुळे त्यात जन्मजात व्यंग येऊ शकते, म्हणून नंतरची तपासणी टाळता येत नाही.

कायद्याबद्दल पत्रकात अवाक्षर नाही आणि ते मला सर्वांत खटकले. यातले मिफेप्रिस्टोन १९८८ साली फ्रान्समध्ये मान्य झाले, २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. तरी त्याच पाच गोळ्या सीमेच्या एका बाजूला उपचार आणि दुसऱ्या बाजूला गुन्हा ठरतात. भारतात नऊ आठवड्यांपर्यंत नोंदणीकृत डॉक्टरमार्फत त्या कायदेशीर आहेत, इंग्लंडमध्ये दूरध्वनीवर सल्ला घेऊन दहाव्या आठवड्याच्या आत घरी घेता येतात, तर अमेरिकेत औषध नियामकाची मान्यता असूनही २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अनेक राज्यांनी गर्भपातावरच बंदी घातली आहे. याचा आरोग्याशी थेट संबंध आहे. शिक्षेच्या भीतीने जी बाई ऑनलाइन कुठून तरी गोळ्या मागवते, तिला त्या अस्सल आहेत का, दिवस नीट मोजले आहेत का, हे सांगणारे कोणी नसते आणि रक्त थांबेनासे झाले तरी रुग्णालयाचे दार ठोठावायला ती कचरते. निदान ‘आपल्या भागातील कायदा आणि गोपनीयतेचे नियम आधी विचारून घ्या’ एवढे वाक्य छापायला काय हरकत होती?

आणखी एक गोष्ट पत्रकाने सांगितली नाही. दहाव्या दिवशी मी धास्तीने घरीच चाचणी केली आणि तिच्यावर दोन रेघा उमटल्या. गर्भपात पूर्ण झाल्यावरही गर्भधारणेचे संप्रेरक रक्तात रेंगाळते आणि चाचणी चार आठवड्यांपर्यंत होकारार्थी येऊ शकते, हे मला सोनोग्राफीच्या टेबलावर कळले.