‘फ्रिजमधला गॅस संपलाय’ असे सांगितले जाते तेव्हा

आमच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दूध नासू लागले, वर फ्रीझरमध्ये मात्र बर्फ व्यवस्थित होत होता. इंटरनेटवर मिळालेल्या क्रमांकावरून आलेल्या आणि स्वतःला कंपनीचा अधिकृत माणूस म्हणवणाऱ्या कारागिराने मागे हात लावून ‘गॅस संपलाय’ असे निदान केले, फ्रिज रात्रभर बंद ठेवायला लावला आणि दुसऱ्या दिवशी सिलिंडर जोडून ३८०० रुपये घेतले. फ्रिज काही दिवस उत्तम चालला आणि मग खालचा कप्पा पुन्हा कोमट झाला.

या फसवणुकीची खरी मेख फ्रिज बंद ठेवण्यात आहे. अशा फ्रिजची कॉइल, म्हणजे थंड होणारी वेटोळ्यांची नळी, फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड असते आणि तिच्यावरून पंखा खाली थंड हवा सोडतो. हवेतले बाष्प कॉइलवर गोठते, ते वितळवण्यासाठी टायमर काही तासांनी कॉम्प्रेसर थांबवून हीटरकडे वीज वळवतो. पण ती वीज कॉइलच्या नळीवर बसवलेल्या डीफ्रॉस्ट थर्मोस्टॅटमधून, म्हणजे दुकानदार ज्याला बायमेटल म्हणतात त्यातूनच, जाते. कॉइल शून्याच्या बरीच खाली गेली की त्यातला संपर्क जुळतो, आणि बर्फ वितळून नळी साधारण १० ते १३ अंशांपर्यंत तापली की आतली चकती टक् करून उलटते व हीटर बंद पडतो. हा बायमेटल खराब होऊन कायमचा उघडा राहिला, म्हणजे त्यातला संपर्क जुळलाच नाही, तर टायमर फिरत राहतो, हीटर मात्र तापत नाही; बर्फ साचून हवेची वाट बुजते आणि सर्वांत आधी खालचा कप्पा उबदार होतो. रात्रभर फ्रिज बंद ठेवला की हा बर्फ आपोआप वितळतो, आणि गॅस भरला काय, न भरला काय, पुढचे काही दिवस फ्रिज चालतोच.

नंतर आलेल्या शेजारच्या मेकॅनिकने आधी पॅनेल काढले. संपूर्ण कॉइल पांढऱ्या थराखाली गेली होती आणि बायमेटलचे आवरण आत पाणी शिरून फुगले होते. गॅस खरोखर कमी असता तर बर्फ बहुधा कॉइलच्या सुरुवातीच्या भागावरच दिसला असता. शिवाय गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर गळती आहे, आणि ती शोधून बंद न करता नुसता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणारच. नवा बायमेटल काही शे रुपयांत बसला.

याच भागाच्या नावानेही फसवता येते. मल्टिमीटर (वीज पुढे जाते का हे बीप करून सांगणारे मापक) लावून ‘बघा, बीप येत नाही, गेला’ असे दाखवले जाते. पण चांगला बायमेटलही खोलीच्या तापमानाला उघडाच असतो. तो काही वेळ फ्रीझरमध्ये किंवा बर्फ-मिठाच्या मिश्रणात ठेवून, थंड असतानाच तपासावा लागतो. नुसते बर्फाचे पाणी त्याला पुरत नाही.

आमच्याकडे आलेल्या पहिल्या माणसाजवळ गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा काढणारा व्हॅक्यूम पंप नव्हता आणि गॅस मोजायला वजनकाटाही नव्हता. फ्रिजवरच्या पट्टीवर गॅसचा प्रकार आणि तो किती ग्रॅम भरायचा हे छापलेले असते. तो आकडा दाखवून ‘तुम्ही किती ग्रॅम भरणार आणि ते मोजणार कशाने’ असे सिलिंडर जोडण्यापूर्वीच विचारावे.